मधुचंद्र, मालवण आणि काकी

तुळशीचं लग्न लागलं की माझ्याकडे सल्ला मागणाऱ्यांची रीघ लागते. मी ज्योतिषी नाही, वकील नाही. माझं मूळ गाव मालवण तालुक्यात आहे, एवढीच माझी पात्रता. लग्न ठरलेला भाचा, ऑफिसात नव्यानं लागलेली मुलगी, शेजारच्या आजींचा नातू, सगळ्यांचे प्रश्न दोनच. मालवणात राहायचं कुठे आणि बघायचं काय? तिसरा प्रश्न कुणी तोंडानं विचारत नाही, पण तो चेहऱ्यावर वाचता येतो. एकांत मिळेल ना?

पहिल्या दोन प्रश्नांवर मी तासभर बोलू शकतो. तिसरा डोळ्यांत दिसला की मी सोलकढीचा विषय काढतो.

मराठी मधुचंद्राचा भूगोल गेल्या तीन पिढ्यांत बराच सरकला. आजोबांच्या काळी लग्नानंतरचा पहिला प्रवास कुलदैवताला, तोही सासू, दोन नणंदा आणि एक आत्या यांच्यासह. वडिलांच्या काळात महाबळेश्वर-माथेरान आलं, घोड्यावर बसून काढलेला फोटो आला. मग उटी, मग काश्मिरी पोशाखातला फोटो, मग बाली आणि मालदीव. ठिकाणं बदलली तरी तत्त्व एकच राहिलं : जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही तिथे जायचं. मालवण या तत्त्वात बसत नाही. तिथे पहिल्या दिवशी तुम्हाला कुणी ओळखत नसेल, तर ती गावाची बेअब्रू समजतात आणि दुपारच्या जेवणापर्यंत धुऊन काढतात.

सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ साली जाहीर झाला. दुसऱ्या एखाद्या गावात अशी बातमी आली असती तर लोकांनी इंग्रजी पाट्या रंगवायला घेतल्या असत्या. आमच्याकडे बायकांनी भाताच्या टोपात दोन मुठी तांदूळ जास्त टाकले आणि येणाऱ्याची वाट बघत पडवीत बसल्या. तेव्हापासून आजतागायत धोरण तेच आहे. सरकारच्या कागदावर तुम्ही पर्यटक असाल. घरात मात्र तुम्ही पाहुणे, फक्त जाताना पैसे देऊन जाणारे. हा विचित्रपणा तुमच्या भागातला असावा, असं समजून तो खपवून घेतात.

आता पोचायचं कसं, हे पटकन सांगून टाकतो. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्णपणे सुरू झाली आणि तिनं मालवणला मोठ्या प्रेमानं वगळलं. स्टेशनं कणकवलीला, सिंधुदुर्गनगरीला, कुडाळला. कुडाळला उतरून रिक्षा करावी. आता हे नवीन जोडपं, गाडीतल्या अर्धवट झोपेतून उठलेलं, एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून माडांकडे बघत जाण्याच्या तयारीत असतं. रिक्षावाल्याची तयारी वेगळी असते.

‘‘खयसून इलात?’’

‘‘मुंबईहून.’’

‘‘मुंबईत खंय?’’

‘‘डोंबिवली.’’

‘‘मगे मुंबई कित्याक सांगतास?’’

नेरूरपारच्या पुलावर आडनाव निघतं. धामापूरचा तलाव येतो. १५३० साली बांधलेला, काठावर भगवतीचं देऊळ, डोळे निवतील असं पाणी. पण ते बघायला सवड नसते, कारण तोवर मुलीची आवस खंयची, हा प्रश्न पुढे आलेला असतो. चौके येईपर्यंत रिक्षावाल्याच्या मेहुण्याच्या चुलत घराण्यात मुलीच्या मामेबहिणीची सोयरीक होता होता राहिली होती, असं सिद्ध होतं. ती का राहिली, हेही कळतं. नवऱ्याला बायकोच्या माहेरची जी माहिती पुढच्या दहा वर्षांत तुकड्यातुकड्यांनी मिळायची, ती त्याला मालवणचा भरड नाका यायच्या आत एकरकमी मिळते. मधुचंद्र म्हणजे परस्परांना ओळखणं असेल, तर मालवणात तो रिक्षातच निम्मा उरकतो.

मग राहायचं कुठे?

सोयी आहेत, नाही असं नाही. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, सुरूच्या झाडांत, समोर पांढरी वाळू. करली नदीत हाऊसबोटी आहेत. देवबागला, जिथे एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असून मध्ये जमीन जेमतेम एका गावापुरती उरली आहे, तिथे वातानुकूलित खोल्यांची रिसॉर्टं उभी आहेत. तिथे गादीवर टॉवेलाचे हंस करून ठेवतात. ज्यांना एकांत हवा आहे त्यांनी तिथे जावं. मी त्यांना अडवत नाही. फक्त मग त्यांनी मालवण पाहिलं असं म्हणू नये. त्यांनी टॉवेल पाहिला.

माझा सल्ला निवास-न्याहारीचा. म्हणजे मेढा, वायरी, दांडी किंवा देवबागच्या एखाद्या वाडीत, कुणाच्या तरी राहत्या घराला लागून काढलेली खोली. वईतून आत शिरलं की सारवलेलं खळं, खळ्यात तुळस, पडवीत आरामखुर्ची, खुर्चीत काका, काकांच्या हातात वर्तमानपत्र, आणि आतून येणारा काकींचा आवाज. काकींचं वय, आडनाव, वाडी बदलते. आवाज तोच.

खोली स्वच्छ असते. एवढी स्वच्छ की चपला बाहेर काढून आत जाताना पायही बाहेर ठेवावेत की काय असं वाटतं. भिंत जाड चिऱ्यांची, जमीन गार, खिडकीतून माड. पलंगाच्या बरोबर समोर काकांच्या वडिलांचा हार घातलेला फोटो. फेटा, मिशा, नजर थेट पलंगावर. फोटो काढून ठेवायचा धीर आजवर कुणाला झालेला मी ऐकलेला नाही. काही जोडपी फोटोला नमस्कार करून झोपतात. तेवढं पुरतं म्हणे.

खरी गोष्ट छताची आहे. जुनं कौलारू घर बांधताना मधल्या भिंती वाश्यांपर्यंत नेत नसत. वारा खेळायला वर मोकळी जागा सोडत. वारा खेळतोच, त्याच वाटेनं शब्दही खेळतात. रात्री साडेदहाला नवरा अगदी कुजबुजत बायकोला म्हणतो, ‘‘उकडतंय का गं?’’ आणि भिंतीपलीकडून माजघरातून उत्तर येतं, ‘‘पंखो तीनवर ठेवा, पाचवर आवाज करता.’’ त्यानंतरच्या शांततेत समुद्र फार स्पष्ट ऐकू येतो. समुद्राच्या गाजेचं कौतुक करणारी जी प्रवासवर्णनं तुम्ही वाचली असतील, त्यांतली निम्मी अशाच शांततेत सुचली असावीत.

पहाटे सहाला दारावर थाप. चहा. सातला पुन्हा थाप. घावणे की आंबोळ्या? आठला थाप नाही, कारण आठला काकी सरळ आत येतात; ओले कपडे कुठे वाळत घातलेत ते बघायला. दोन माडांच्या मध्ये झोपाळा बांधलेला असतो. जाहिरातीतल्या चित्रात त्यात एक जोडपं पहुडलेलं असतं. प्रत्यक्षात तुम्ही त्यात पहुडलात की स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक येते, ‘‘थंय बसू नकात, नारळ टकलेर पडतलो!’’ मग झोपाळा कशासाठी बांधलाय, असं विचारल्यावर काका वर्तमानपत्रातून वर न बघता सांगतात, ‘‘फोटो काढूक.’’

जेवणावर मात्र विनोद करायचा नाही. तळलेला बांगडा, तिसऱ्यांचं सुकं, कोंबडी-वडे, तिरफळ घातलेलं आंबट तिखलं, आणि शेवटी तिखटाची धग विझवणारी सोलकढी. सोमवार असेल तर काळ्या वाटाण्याचं सांबारं, आणि त्यानं कुणाचं काही अडत नाही. न्याहारीला कधी शिरवळ्या, नारळाच्या गोड रसात. हे जेवण दोघांनी एका ताटात जेवावं असं कुणाला वाटलं तर वाटो. काकी मध्ये उभ्या असतात.

‘‘ह्या चेडवाक काय खावक घालतास की नाय?’’ हा पहिला आरोप नवऱ्यावर. लग्नाला जेमतेम आठवडा झालेला, त्यामुळे मुलीच्या बारीकपणात त्याचा हात असणं शक्य नसतं, पण काकींच्या न्यायालयात मुदत मागता येत नाही. ‘‘आणखी एक वडो. वाईचसो तर आसा.’’ मुलगी नको म्हणते. ‘‘नको कित्याक? बरो लागलो नाय?’’ आता या प्रश्नाला वडा खाऊनच उत्तर देता येतं. दोघांपैकी एक जण शाकाहारी निघाला तर घरावर सावट येतं. काकी पदराला हात पुसत जवळ बसतात आणि हळू आवाजात विचारतात, ‘‘कधीपासना?’’ आणि थोडं थांबून, ‘‘डॉक्टराक दाखवलात?’’

नवीन जोडप्याला इथे प्रेमाचे धडे मिळतात, पण ते समुद्रकिनाऱ्यावर नव्हे, संध्याकाळी मागच्या पडवीत. काका मालवणच्या बंदरावर लिलावाला गेलेले असतात. होड्या लागतात, वाळूवर माशांचे ढीग पडतात, त्यांच्याभोवती कोंडाळं होतं, आणि कोण बोली लावतंय हे बाहेरच्या माणसाला कळायच्या आत माल विकलेला असतो. काका पिशवीतून इसवणाचं, म्हणजे सुरमईचं, टकलं घेऊन येतात. काकी पिशवीत एक नजर टाकतात.

‘‘कितक्याक घेतलात?’’

काका आकडा सांगतात. खरा सांगत नाहीत. थोडा कमी करूनच.

‘‘फसवल्यानी तुमका!’’

मग अर्धा तास मासा घासताना, चिरताना, मसाला लावताना काकांच्या व्यवहारज्ञानाचा उद्धार चालतो. त्यात त्यांचे भाऊ येतात, मुंबईत घालवलेली वर्षं येतात, विकलेली जमीन येते. काका पडवीत बसून हे सगळं रेडिओ ऐकावा तसं ऐकतात. आणि जेवताना त्या टकल्याचा सगळ्यात चांगला भाग काही न बोलता काकांच्या ताटात पडतो. काकाही काही बोलत नाहीत. दोघांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाल्याचा कुठलाही पुरावा नसतो, हा एक सोडून. आमच्या एका भाच्यानं परत आल्यावर मला सांगितलं, की बायकोनं तिथून आल्यापासून त्याला भाजीचा भाव विचारून ‘‘फसवलं तुला’’ असं म्हणायला सुरुवात केली आहे. मी म्हटलं, संसार मार्गी लागला.

आता बघायचं काय. इथे मला जरा वाकड्यात जायला हवं, कारण मालवणात जे पाहण्यासारखं आहे, ते जोडप्यांसाठी कुणी केलेलंच नाही.

पहिला अर्थातच सिंधुदुर्ग किल्ला. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी बांधकामाचा मुहूर्त केला. किनाऱ्यावर दांडीला मोरयाचा धोंडा म्हणून खडक आहे, तिथे गणेशाची पूजा झाली असं सांगतात. पायात शिसं ओतलं, सुमारे तीन किलोमीटर लांबीचा तट फिरवला आणि ४८ एकरांचं बेट बंदिस्त केलं. ही सगळी यातायात नको ती माणसं आत येऊ नयेत म्हणून होती. आज शनिवार-रविवारी धक्क्यावरची रांग बघितली की तो हेतू किती काळ टिकला ते कळतं. होडीत बसायला जागा मिळते, पण शेजारी-शेजारी मिळेल याची खात्री नाही. वजन सारखं वाटलं जायला हवं, म्हणून नाववाला नवऱ्याला पुढे आणि बायकोला मागे, सोलापूरच्या शालेय सहलीच्या मधोमध बसवतो.

किल्ल्यात राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे, महाराजांच्या हातापायाचे चुन्यातले ठसे आहेत, अजून वस्ती करून राहिलेली घरं आहेत. आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, चहूबाजूंनी खारं पाणी असताना. नवं जोडपं दिसलं की इथे गाइडला आवरत नाही. खाऱ्या समुद्रात गोडं पाणी म्हणजेच संसार, असं काहीतरी तो बोलतोच. एके काळी इथे दोन फांद्या फुटलेला माड होता, माडाला फांदी फुटत नसते हे ध्यानात घ्या. तो पुढे वीज पडून गेला. त्या माडाची गोष्टही गाइड जोडप्यांना आवर्जून सांगतो, आणि वीज पडल्याचा भाग जरा दबक्या आवाजात उरकतो.

मला स्वतःला किल्ल्यातली आवडती जागा म्हणजे राणीची वेळा. तटातून खाली उतरलं की वाळूचा एक छोटासा तुकडा लागतो. महाराणी ताराबाई इथे समुद्रस्नानाला येत असं सांगतात. देवबागच्या रिसॉर्टवाल्यांची ‘खासगी बीच’ची जाहिरात वाचली की मला हा तुकडा आठवतो. खासगी बीच हवा असेल तर त्याची किंमत कायमच ही आहे : एक स्वराज्य, एक बेट, तीन किलोमीटर तट आणि शिसं. सोबत न्याहारी मोफत देऊन ते जमत नसतं.

पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात, आणि एरवीही समुद्राची मर्जी सांभाळावी लागते. ‘‘वारो आसा. आज बोट सुटाची नाय,’’ असं एकदा नाववाल्यानं म्हटलं की विषय संपला. पुण्याहून आलेले लोक तिथे वाद घालतात. वाऱ्याशी नव्हे, नाववाल्याशी.

किल्ल्याच्या आसपासचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. खाली प्रवाळ आहे, रंगीत मासे आहेत, आणि त्यामुळे वर स्कूबा डायव्हिंगचा धंदा जोरात आहे. नव्या जोडप्यांना मी हे हमखास सुचवतो, कारण लग्नानंतर एकमेकांशी एक शब्दही न बोलता वीस मिनिटं हात धरून राहण्याची ही शेवटची संधी असते. फक्त खुणा नीट शिकून घ्याव्यात. पाण्याखाली अंगठा वर करणं म्हणजे ‘झकास’ नव्हे. त्याचा अर्थ ‘मला वर न्या’. झकाससाठी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. किती तरी नवरे खाली जाऊन पहिला रंगीत मासा बघतात, आनंदानं बायकोला अंगठा दाखवतात, आणि प्रशिक्षक त्यांना बखोटीला धरून वर घेऊन येतो. बायको खाली राहून सगळे मासे बघून येते. मग फोनवर आलेल्या व्हिडिओत ती एकटीच असते, आणि घरी गेल्यावर सासूबाई विचारतात, हा कुठे होता?

देवबागच्या संगमावर, जिथे करली समुद्राला मिळते, तिथे वाळूचं एक बेट आहे, त्याला त्सुनामी आयलंड म्हणतात. २००४ च्या त्सुनामीनंतर ते वर आलं असं सांगतात. तिथे आता केळ्याच्या आकाराच्या रबरी बोटी, पाण्यावरच्या स्कूटर आणि भज्यांच्या गाड्या आहेत. संध्याकाळी रॉक गार्डनला सूर्यास्त असतो. सूर्यास्त सुंदर असतो. गर्दीही असते. पुढे चला.

कारण खरं बघण्यासारखं आहे ते आमचे देव. मालवणात राहून प्रेमात पडायचं असेल तर देवांचं वेळापत्रक समजून घ्यावं लागतं, आणि ते कुणालाच समजत नाही. उदाहरणार्थ आंगणेवाडीची जत्रा. मसुऱ्याच्या आंगणेवाडीत भराडी देवी आहे. तिच्या जत्रेला लाखोंनी माणसं येतात, मुंबईहून जादा गाड्या सुटतात, मंत्री येतात. आणि जत्रेची तारीख कुठल्याही पंचांगात नसते. देवी कौल देते तेव्हा ती ठरते. आता गंमत बघा : १९७३ साली ‘कालनिर्णय’ काढून साऱ्या महाराष्ट्राला एकादशी, संकष्टी आणि ग्रहणाची वेळ सांगणारे जयंतराव साळगावकर हे मालवणचेच. मेढ्यातलं जय गणेश मंदिर त्यांनीच उभारलेलं, जरूर बघा. पण सबंध मराठी माणसाच्या भिंतीवर तारखा टांगणाऱ्या या गावाच्या शेजारची देवी मात्र म्हणते, माझी तारीख मी सांगेन. जत्रेच्या दिवसांत खोली मिळावी म्हणून सहा महिने आधी फोन करणाऱ्यांना काकी शांतपणे सांगतात, ‘‘देवीक विचारा.’’

त्याहून मोठी कसोटी आचऱ्याची. आचऱ्याचा समुद्र रमणीय आहे, रामेश्वराचं देऊळ देखणं आहे, आणि जोडप्यांना तिथे जायचं असतं. जावं. पण दर काही वर्षांनी तिथे गावपळण होते. रामेश्वर कौल देतो आणि सगळं गाव, गुरं-ढोरं, कुत्री-मांजरं, भांडीकुंडी, म्हातारेकोतारे यांच्यासह गावाबाहेर जातं. तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर झोपड्या, चुली, भजनं, गजाली. गावात माणूस नाही. मुंबईतला एक हिशेबी तरुण मला म्हणाला, म्हणजे त्या तीन दिवसांत गावात पूर्ण एकांत! मी त्याला समजावलं की बाबा, त्या तीन दिवसांत गावात देव, पूर्वज आणि इतर मंडळी असतात म्हणूनच तर माणसं बाहेर जातात. एकांत तिथेही नाही. फक्त काकी बदलतात.

रात्री उशिरा समुद्रावर भटकायचा बेत असेल तर वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाचीही चौकशी करून ठेवावी. उंचापुरा देव, त्याला भक्त केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या प्रचंड मोठ्या चपला. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. लेखक जयवंत दळवींचं गाव हेच. मध्यरात्री वाळूवर हातात हात घालून चालताना मागून एखाद्या जाड चपलेचा आवाज आला, तर मागे वळून बघू नये. देव कुणाच्या भानगडीत पडत नाही; पण उद्या सकाळी काकींना सगळं माहीत असतं. कसं, ते मला विचारू नका.

कार्तिक-मार्गशीर्षात आलात तर गावोगावच्या जत्रांत दशावतार लागतो. नवऱ्यानं बायकोला दशावतार बघायला न्यावं, ही माझी खास शिफारस आहे. रात्र पडली की देवळापुढच्या मांडावर पेटी, मृदंग आणि झांज सुरू होते, संकासुर येतो, आणि मग सुरू झालेलं आख्यान थेट उजाडेपर्यंत चालतं. संवाद लिहून दिलेले नसतात. नट जागच्या जागी रचतात. राणीचं काम करायला जी स्त्री येते तिचं चालणं, पदर सावरणं, रुसणं असं असतं की बायको नवऱ्याकडे एकदा बघून घेते. नवराही जरा सावरून बसतो. मग पहाटे तीनला चहाच्या टपरीवर ती राणी साडी गुडघ्यापर्यंत खोचून, विडी ओढत, भसाड्या आवाजात कुणाला तरी विचारत असते की उद्याच्या गावाला टेम्पो किती वाजता निघतो. दशावतारात बायकांची कामं पुरुषच करतात. हे नवऱ्याला आधी सांगायचं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात एवढं एक गुपित बायकोकडे असू द्यावं.

साहित्याची आवड असलेली जोडपी विचारतात, की या भागातून प्रेमाची कविता कशी काय आली नाही? आली की. मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्यात जन्मले. वि. स. खांडेकर शिरोड्याला शाळामास्तर होते आणि ध्येयवादी तरुण-तरुणींच्या प्रेमकथा त्यांनी तिथल्या मुक्कामात लिहिल्या. आरती प्रभू, म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर, कुडाळला खानावळ चालवत. मराठीतली एवढी तरल कविता लिहिणारा माणूस गल्ल्यावर बसायचा, यात आमच्या लोकांना काहीच नवल वाटत नाही. जेवण बरं होतं का, एवढंच ते विचारतात.

राहता राहिला प्रश्न कधी जायचं हा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, असं सगळे सांगतात. मे महिन्यात आंबे-फणस असतात, पण चाकरमानीही असतात. घराघरांत इतकी माणसं की काकी तुमच्या खोलीत दोन भाचे झोपायला पाठवतात आणि ‘‘तुमका काय त्रास देवचे नाय’’ म्हणतात. म्हणून एकांताच्या मागे हात धुऊन लागलेल्या त्या हिशेबी तरुणाला मी शेवटी जुलैत जायला सांगितलं. बघण्यासारखं काही उघडं नसतं. किल्ल्याच्या होड्या बंद. स्कूबा बंद. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीला बंदी, त्यामुळे लिलावही नाही. समुद्र काळा-करडा, कौलांवर पाऊस, भिंतीपलीकडचं माजघरही रिकामं, कारण घरातलं प्रत्येक माणूस भाताच्या लावणीला शेतात. आनंदानं गेला तो, बायकोला घेऊन. खोलीत बसून पावसाचा आवाज ऐकायचा, एवढाच कार्यक्रम.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. चहा नव्हता. काकी डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन उभ्या, हातात दोन जादा कागद.

‘‘घरात बसान काय करतलात? चला, माणसा कमी पडतत.’’

त्यानं मला पाठवलेल्या फोटोत दोघंही गुडघाभर चिखलात आहेत. हातात तरव्याच्या जुड्या. मागे काकी, बायको आणि वाडीतल्या चार-पाच बायका एका ओळीत वाकलेल्या. तो एकटा ओळीबाहेर, भलत्याच दिशेला तोंड करून. दुपारी बांधावर पेज आणि सुक्या बांगड्याची कोशिंबीर खाताना काकींनी सगळ्यांसमोर निकाल दिला.

‘‘चेडवाचो हात बरो आसा. झिलाक मात्र काय येणा नाय.’’